भागरताबाईची दुश्मन

भागरताबाई कोणाला आवडत नसत. मी त्यांच्या घरात भाड्यानं राहिले, त्यांच्या विहिरीचं पाणी प्याले, त्यांच्या मुंगण्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा खाल्ल्या, तरी मलाही त्या आवडल्या नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण माणूस गेलं की त्याच्याबद्दल गोड बोलायची आपल्याकडे रीत आहे. भागरताबाईंबद्दल कोणी गोड बोललेलं त्यांना स्वतःलाच खपलं नसतं. गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्याचा फोन आला, तेव्हा फोन करणाऱ्यानंही "गेली एकदाची डोकरी" एवढंच म्हटलं आणि लगेच धानाच्या भावाकडे वळला.

सानगडीच्या शाळेवर माझी बदली झाली तेव्हा गावात खोली मिळेना. कोणीतरी भागरताबाईंचं घर दाखवलं आणि दाखवताना हसलं. त्या दारापुढच्या सपरीत बसून दातांना तंबाखूचा गुडाखू घासत होत्या. उंच, वाळकं अंग, हनुवटीवर गोंदण, लुगड्याचा काष्टा असा आवळलेला की आत्ता उठतील आणि कोणाच्या तरी अंगावर जातील.

"कोन्या गावची?"

"भंडाऱ्याची."

"भंडाऱ्यात शाळा नाई का?"

"बदली झाली आजी."

"कोनाशी भांडली मंग? उगाच कोनी सानगडीले पाठवत नाई." थुंकून आल्या, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "पोराईले शिकवतेस का नुसती सही करून येतेस?"

खोली मिळाली. सोबत बऱ्याच गोष्टी मिळाल्या. माझा डबा उघडून बघणं, माझ्या भाजीत तेल जास्त आहे असं शेजारी सांगणं, मी उशिरापर्यंत दिवा ठेवला की बाहेरून मेन स्विच खाली करणं. नवरा कधीच वारलेला, मुली लग्न होऊन गेलेल्या, मुलगा नागपूरला. तो सणाला येई आणि दुसऱ्या दिवशी काहीतरी काम निघून परत जाई. तलावाखालच्या धानाच्या बांध्या त्या स्वतः मजूर लावून करत. मजुरीला येणाऱ्या बाया त्यांच्या शेताच्या धुऱ्यावर जेवायलाही बसत नसत. दुसऱ्याच्या धुऱ्यावर जाऊन बसत.

त्यांचा एक आवडता शब्द होता, नाटक. धान रोवण्याच्या वेळी एखादीची कंबर धरली, तर नाटक. सालगड्याची आजी मेली, तर नाटक, "कितीक आज्या आहेत तुले?" वासरू लंगडलं, तरी त्या त्याच्याकडे डोळे बारीक करून बघत. जगातला प्रत्येक जण दुखतं म्हणून सांगतो ते काम टाळण्यासाठी, याची त्यांना खात्री होती.

आणि नाटकाची खरी आवडही त्यांना होती. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक असतंच. भागरताबाई बसायला बोरा घेऊन दुपारपासूनच जागा धरत, अगदी समोर. नाटक संपलं की पडद्यामागे जात. तिथे तोंडाचा रंग पुसत बसलेल्या नटीला एकदा त्यांनी सांगितलं होतं, "दुसऱ्या अंकात तू खरी रडली. तिसऱ्यात नुसता पदर डोळ्याले लावला. मले दिसते." ती पोरगी कावरीबावरी होऊन माझ्याकडे बघत राहिली. मी मान खाली घातली, कारण ते खरं होतं.

मला विषमज्वर झाला तेव्हा त्या दारात उभ्या राहून बराच वेळ माझ्याकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "नाई. हे नाटक नोहे." तापातही मला बरं वाटलं. लगेच पुढे म्हणाल्या, "मंग बापाले बोलाव. माझ्या घरात मेलीस तं खोली कोन घेईन पुन्हा?"

पण हे सगळे त्यांचे किरकोळ वैरी. खरी दुश्मन एकच, सयाबाई.

दोन घरांमध्ये एक अरुंद बोळ होता आणि बोळाच्या तोंडाशी मुंगण्याचं झाड. बुंधा भागरताबाईंच्या परसात, सांदवाडीत, निम्म्या फांद्या सयाबाईच्या अंगणावर. शेंगांच्या दिवसांत सयाबाई म्हणे, माझ्या अंगणावरच्या शेंगा माझ्या. पावसाळ्यात झाडावर केसाळ अळ्या लागून टपटप खाली पडू लागल्या की तीच म्हणे, झाड तुझं, अळ्या नेऊन टाक. भागरताबाई अळ्या झाडूवर घेऊन खरंच टाकत, पण तिच्याच तुळशीपाशी.

सयाबाई बुटकी, गोल. जाड भिंगाचा चष्मा आणि कानात मशीन. मुलगा दिगांबरनं ते भंडाऱ्याहून आणून दिलं होतं. या मशीनचा उपयोग तिनं फार हुशारीनं केला. भांडण लागलं की आपलं सगळं बोलून घ्यायची, पोटातलं शेवटचं अक्षर काढायची आणि मग शांतपणे मशीन कानातून काढून हातात धरायची. पुढे भागरताबाई काहीही ओरडल्या तरी ती नुसती बघत उभी. भागरताबाईंचा त्यावेळी जीव जायचा. मशीनकडे बोट दाखवत त्या ओरडत, "लाव ते कानाले! लाव म्हणते!"

सयाबाईची आठवण जबर. कोणत्या साली, कोणत्या नक्षत्रात, कोणाची बकरी कोणाच्या लाखोळीच्या पिकात शिरली आणि भागरताबाईंनी कोणता शब्द वापरला, ते ती जसंच्या तसं सांगे. शब्द चुकला की भागरताबाई दुरुस्त करत. या बाबतीत दोघी एकमेकींच्या शब्दाला मान देत होत्या असं म्हणायला हरकत नाही. बाकी कशातच नाही.

माझ्या तिथल्या शेवटच्या चैत्रात सयाबाई बोळात पडली. भागरताबाईंनी भांडी धुतलेलं पाणी बोळात फेकलं होतं, हे खरं. सयाबाईच्या हातात शेंगा ओढायची आकडी होती आणि नजर वर झाडात होती, हेही खरं. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. दिगांबरनं गाडी करून तिला भंडाऱ्याला नेलं. तिथल्या एका खाजगी दवाखान्यात ऑपरेशन झालं.

गावात मात्र अर्धंच खरं फिरलं. भागरताबाईनं मुद्दाम पाणी टाकून डोकरीला पाडलं. दिगांबर पारावर बोलून गेला, "मायले काही झालं तं मी सोडत नाई." पोलीस जमादार येऊन चौकशी करून गेला, भागरताबाईंनी त्याला पाणी न विचारता वाटेला लावलं. उन्हाळी धान कापायला येत चाललं होतं आणि त्यांच्या बांधीत पाय ठेवायला एकही बाई तयार होईना. कोणी तोंडावर काही बोलत नव्हतं. "मोकळी नाई" म्हणत, बस.

अशात एक दिवस दिगांबरची बायको कपडे न्यायला गावी आली आणि हापशीवर बायांना सांगू लागली, "माय तं अशी शांत झाली का विचारू नोका. सिस्टरले माय म्हणते. कोनाले शिवी नाई, काही नाई. चुपचाप पडून राहते. देवमाणूस झाली."

भागरताबाई घागर अर्धी ठेवून घरी आल्या.

"आयकलं का मास्तरीन? सया शांत झाली म्हणते."

"बरं झालं की."

"बरं? अवं सया कधी शांत राहते? नाटक आहे! गावाच्या डोळ्यात पानी आनून मले फासावर चढवाले पाहते." मग माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. "तू रविवारी बापाकडे जातेस ना? मी येते तुझ्यासंग."

नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. साकोलीहून भंडाऱ्याच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या आणि पूर्ण वाटेत सयाबाईला काय काय विचारायचं ते पुटपुटत राहिल्या. परीक्षेला निघालेल्या पोरासारख्या. फरक एवढाच, की परीक्षा दुसऱ्याची होती.

दवाखान्यातली ती खोली मला अजून दिसते. ऊन येतं म्हणून खिडकीला जाड पडदा ओढलेला, वर ट्यूबलाइट जळत असलेली, कूलरचा घरघराट. सकाळ आहे की संध्याकाळ ते सांगणारं काही नाही. सयाबाई खाटेवर इतकी लहान दिसत होती की आधी मला खाट रिकामीच वाटली. लघवीची नळी लावलेली. पहिल्या दिवशी तिनं ती ओढली म्हणून मनगटं पट्टीनं खाटेला बांधलेली. चष्मा नाही, कानात मशीन नाही. हरवेल म्हणून दोन्ही सुनेनं घरीच पेटीत ठेवलेलं. ओठ सुकून पांढरे पडले होते.

"पानी देत नाई का?" मी सुनेला विचारलं.

"ठसका लागते. ओठ ओले करते मी."

भागरताबाई या कशाकडे बघत नव्हत्या. त्या खाटेच्या पायथ्याशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, अगदी समोर, मंडईतल्यासारख्या.

"उठ सये. पुरे झालं नाटक."

सयाबाईनं डोळे उघडले. कुठेतरी आमच्या मागे पाहिलं आणि हसली. "आली का माय? ये, बस. जेवलीस का?"

दिगांबर नुकताच दारात आला होता. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "पाहा मोठीमाय," तो भागरताबाईंना हळूच म्हणाला, "तुमच्यावरही राग नाई तिचा आता."

भागरताबाईंनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. वाकून सयाबाईच्या कानात ओरडल्या, "साऱ्या शेंगा तोडून नेल्या म्या! तुझ्या अंगनावरच्याही! एक ठेवली नाई!"

"ने माय, ने." सयाबाईचे डोळे मिटत आले. "गाय बांधजो. पानी चढून राहिलं."

"कोनचं पानी?"

"खाटेखाली." तिची बोटं बांधलेल्या हातानंच चादरीवरून काहीतरी टिपत होती, एक एक, निंदण केल्यासारखी.

भागरताबाई दोन पावलं मागे सरल्या आणि मग जे ओरडायला लागल्या ते दवाखानाभर ऐकू गेलं. "खोटारडी! अवं ही तुमाले फसवून राहिली! जल्मात मले 'बस' म्हनली नाई, आन आता जेवलीस का विचारते! शेंगा ने म्हनते! सया कधी शेंगा ने म्हनन का?"

सिस्टर धावत आली. "ओ आजी, बाहेर व्हा, हा दवाखाना आहे." दिगांबर त्यांचा दंड धरून ओढू लागला. सुनेनं रडायला सुरुवात केली. मी भिंतीला चिकटून उभी होते आणि मेलेलं बरं असं मला वाटत होतं.

त्या गोंधळात एक डॉक्टरीणबाई आत आल्या. हाडाच्या डॉक्टरांनी बोलावलेल्या, औषधोपचाराच्या डॉक्टर. त्या राउंडवर होत्या. गोरटेल्या, थकलेल्या, आवाजात अजिबात लाडीगोडी नाही. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि भागरताबाईंना विचारलं, "तुम्ही कोण यांच्या?"

"शेजारीन," भागरताबाई म्हणाल्या. तो शब्द त्यांनी शिवीसारखा उच्चारला.

"काय म्हणत होतात? पुन्हा सांगा."

"ही नाटक करून राहिली म्हनते."

"ते नाही. या अशा नसतात, असं म्हणालात ना?"

"अशा?" भागरताबाईंनी दिगांबरच्या हातातून दंड सोडवला. "बाई, ही एका डोळ्यानं झोपते. कोन्या साली कोनाची बकरी कोन्या बांधीत शिरली ते इले इचारा. एका श्वासात मले इतक्या शिव्या देते का म्या मोजून थकते. हे असं मऊ-मऊ बोलनं इच्या बापजन्मी जमलं नाई. तोंडावर पानी मारा, आत्ता उठते."

डॉक्टरीणबाई दिगांबरकडे वळल्या. "मी पहिल्याच दिवशी तुम्हाला विचारलं होतं, आजी नेहमी अशाच असतात का. तुम्ही काय सांगितलंत?"

दिगांबर गोंधळला. "मी म्हनलं, घरी कटकट करते, इथं शांत आहे. चांगलं आहे म्हनलं."

डॉक्टरीणबाईंनी सयाबाईचे हात सोडायला लावले, खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या आणि कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाल्या, "आजी, मी वार सांगते. रविवार म्हटलं की माझा हात दाबायचा. समजलं?" सयाबाईनं मान हलवली. सोमवार म्हणताच तिनं हात दाबला आणि मग सोडलाच नाही. पुढचे वार डॉक्टरीणबाई म्हणत राहिल्या, ती पडद्याकडे बघत राहिली. तिची त्वचा चिमटीत धरून पाहिली, जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं. लघवीच्या पिशवीकडे बघून सिस्टरला काहीतरी कडक शब्दांत सांगितलं. मग औषधांचा कागद काढून त्यातली झोपेची गोळी खोडली. ती कोणी चालू केली ते विचारलं. सिस्टरनं छताकडे पाहिलं.

मग त्या दिगांबरला म्हणाल्या, "तुमची आई शांत झालेली नाही. तिचा मेंदू गुंगलाय. डिलिरियम म्हणतात याला. काही जण यात ओरडतात, पळू बघतात, त्यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. काही जण असे निपचित पडतात. त्यांना लोक बरे समजतात आणि तेच जास्त वाईट असतं."

"येड लागलं का तिले?" सुनेनं विचारलं.

"वेड नाही. म्हातारं वय, मोडलेलं हाड, ऑपरेशन. त्यात कान नाहीत, डोळे नाहीत, तुम्ही दोन्ही काढून घेतलेत. पाणी नाही. पोट कधी साफ झालंय विचारलं तर तुम्हाला माहीत नाही. नळीतून लघवीला संसर्ग झालेला दिसतोय. वरून झोपेची गोळी. हात बांधलेले, दिवस आहे की रात्र हेच कळत नाही. एवढं सगळं एकत्र केलं तर तुमचा माझाही मेंदू जागेवर राहणार नाही." त्यांनी उठून पडदा सरकन बाजूला केला. इतका उजेड आला की आम्ही सगळ्यांनीच डोळे मिटले. "आत्ताच्या आत्ता गावाहून चष्मा आणि मशीन मागवा. आणखी उशीर झाला असता तर ही बाई अशीच शांतपणे गेली असती आणि तुम्ही सगळे म्हणाला असता, किती छान मरण आलं."

हे बोलणं दिगांबरला फार लागलं. तो खाली बसला.

भागरताबाईंनी हे सगळं ऐकलं, पण त्यांना त्यातलं एकच महत्त्वाचं होतं. "म्हनजे नाटक नोहे?"

"नाही आजी. नाटक नाही."

त्यांचा चेहरा पडला. खरं सांगते, त्या आनंदल्या नाहीत, घाबरल्या नाहीत, त्यांची निराशा झाली. एवढ्या लांबून आल्या होत्या आणि खटला हरल्या.

"तुम्ही उद्या परवा येऊन बसाल का जवळ?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "ओळखीच्या माणसानं बोलत राहिलं की यांना जागेवर यायला मदत होते. दिवस कोणता, आपण कुठे आहोत, सांगत राहायचं."

"म्या?" भागरताबाईंनी पदर खोचला. "इच्या पोरानं मले पोलिसात घातलं. म्या कायले बसू?" आणि निघाल्याच. मी दिगांबरकडे बघून काहीतरी पुटपुटले आणि त्यांच्यामागे पळाले.

परतीची बस कारध्याच्या पुलावर आली, खाली वैनगंगेचं उन्हाळ्यातलं पाणी पसरलेलं होतं. तेव्हा त्या स्वतःच्या बोटांकडे बघत म्हणाल्या, "तोंडाचं नाटक करता येते. बोटाचं येत नाई." मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाल्या, "पन शेंगा तिनंच तोडल्या. पाय घसरला तोही तिच्याच लालचीनं."

सयाबाई सुधारली. सलाईन, औषधं, चष्मा, मशीन, उघडी खिडकी, आणि डॉक्टरीणबाईंच्या भीतीनं रात्रंदिवस तिच्याशी बोलत बसलेला दिगांबर. काही दिवस कधी शुद्धीवर, कधी भलतीकडे असं चाललं. मग एका सकाळी तिनं सुनेनं भरवलेला भात थुंकला, भात गिजगोळा झालाय म्हणून शिवी दिली आणि विचारलं, "भागरतीनं शेंगा नेल्या का?" सून सांगत होती, त्या दिवशी दिगांबरनं दवाखान्यात पेढे वाटले.

वॉकर धरून सयाबाई घरी आली. पण मधल्या त्या दिवसांमधून एक गोष्ट ती सोबत घेऊन आली. तिला पक्कं आठवत होतं, की भागरता दवाखान्यात आली, तिनं आपले हात खाटेला बांधले आणि खोलीत पाणी सोडलं. पाणी खाटेपर्यंत चढलं. आपण बुडून मरत होतो. दिगांबरनं किती समजावलं. हात सिस्टरनं बांधले होते, माय. पाणी नव्हतंच, माय. उलट मोठीमाय आली म्हणूनच तर... सयाबाई एवढं ऐकायची आणि मशीन काढून हातात धरायची. डॉक्टरीणबाईंनी दिगांबरला आधीच सांगून ठेवलं होतं, त्या दिवसांतलं काही काही त्यांना खरंच घडल्यासारखं आठवत राहील, वाद घालू नका. पण सयाबाई वाद घातल्याशिवाय कशी राहील? दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ती मनगटावरचे वळ दाखवायची.

प्रकरण इतकं वाढलं की गावच्या तंटामुक्ती समितीनं दोघींना बोलावलं. बैठक आमच्या शाळेच्या व्हरांड्यात होती, म्हणून मीही होते. वॉकर बाजूला ठेवून सयाबाई खुर्चीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. हात कसे बांधले, पाणी कुठून आलं, गायीचं हंबरणं कसं ऐकू आलं. एवढं बारीक सांगितलं की क्षणभर मलाच शंका आली. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. दिगांबर मान खाली घालून म्हणाला, "दवाखान्यात तिचं डोकं जरा..."

समितीतला एक जण, ट्रॅक्टरवाला, मोठ्यानं हसला. "अरे, डोकरीचं डोकं फिरलं आहे. तिचं का आयकता? लिहा, तक्रार नाई म्हणून. आन भागरताबाई, तुमी सांगा बाप्पा खरं काय ते. तुमच्यामुळंच तं वाचली ही, असं दिगांबर म्हनते."

सगळे भागरताबाईंकडे बघू लागले. त्यांना आता फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मजूर बाया परत आल्या असत्या, गावानं दोन चांगले शब्द दिले असते, दिगांबरनं पाय धरले असते. तो तयारच होता.

सयाबाई चष्म्यातून त्यांच्याकडे बघत होती. कानात मशीन होतं. लोक हसत होते ते तिला ऐकू येत होतं, आणि तिची हनुवटी थरथरत होती. मी तिला त्या आधी किंवा नंतर कधीच तशी पाहिली नाही.

भागरताबाई उठल्या.

"कोनाचं डोकं फिरलं? तिचं? तुमच्या साऱ्याईचं मिळून जेवढं नाई तेवढं आहे तिच्या डोक्यात." मग सयाबाईकडे बोट करून म्हणाल्या, "हाव. म्याच बांधले हात. पुन्हा सापडली तं पुन्हा बांधीन."

दिगांबर उठून काही बोलणार, तोच सयाबाईनं खुर्चीच्या दांडीवर हात आपटला. "पाहा! पाहा! म्हनत नव्हती म्या? आन पानी? पानी कोनं सोडलं?"

"पानीही म्याच," भागरताबाई म्हणाल्या आणि चपला पायात सरकवून निघून गेल्या.

घरी आल्यावर मी त्यांच्यावर चिडले. असं का केलंत, आता गाव काय म्हणेल, पोलीस पुन्हा येतील. त्या चुलीत काटक्या सारत होत्या.

"तू नोको शिकवू मले."

"पण खोटं का बोललात?"

"येड्या बाईसंग भांडत होती म्हनतीन मंग लोक मले. इतकी वर्सं येड्या बाईसंग." काडी मोडली. "माझी का इज्जत राहीन?"

समितीनं दोघींना समज देऊन प्रकरण मिटवलं. पोलीस आले नाहीत, कारण तक्रार करायला दिगांबर गेलाच नाही. तो एकदा भागरताबाईंच्या सपरीशी येऊन नुसता उभा राहिला होता. त्यांनी त्याला विचारलं, "काय पाहतोस? घर जाळाचं आहे का?" तो गेला. मजूर बाया आल्याच नाहीत. सयाबाई वॉकर घेऊन पुन्हा बोळाच्या तोंडापर्यंत यायला लागली आणि सकाळची भांडणं पूर्वीसारखीच सुरू झाली, फक्त त्यात आता दवाखान्याचाही विषय वाढला होता. भागरताबाई त्यातला एकही शब्द नाकारत नव्हत्या. उलट दर वेळी थोडा जास्तच कबूल करत. मला ते ऐकून हसू येत नसे. सकाळी सकाळी डोकं उठे.

त्याच वर्षी मे महिन्यात माझी आंधळगावला बदली झाली. सामान टेम्पोत चढवलं तेव्हा भागरताबाई घरी नव्हत्या. किल्ली दाराच्या कडीला अडकवून ठेवायला सांगितलं होतं, तशी ठेवली. निरोपाचा तर प्रश्नच नव्हता.

टेम्पो तलावाच्या पाळीवरच्या रस्त्यानं निघाला तेव्हा त्या दिसल्या. मजूर मिळत नाहीत म्हणून धान कापायला त्यांनी हार्वेस्टर बोलावलं होतं. कोपऱ्यातलं धान मशीनखाली चिरडलं गेलं असावं. ते अवाढव्य लाल यंत्र बांधीच्या मधोमध थांबलं होतं आणि त्याच्या समोर, चाकापासून हातभर अंतरावर, भागरताबाई काष्टा खोचून उभ्या होत्या. वर बसलेला ड्रायव्हर, हरियाणाकडचा कोणी पगडीवाला, हिंदीत काहीतरी सांगत होता. इंजिनच्या आवाजात दोघांचंही एकमेकांना काही ऐकू जात नव्हतं, पण दोघंही बोलत होते. मी टेम्पोतून हात हलवला. भागरताबाईंनी हात उचलला. मला वाटलं माझ्यासाठी, पण तो ड्रायव्हरसाठी होता. त्याला त्या यंत्रावरून खाली उतरायला सांगत होत्या.